रक्तात बी पेशी शून्य, तरी गोवराची प्रतिपिंडे जशीच्या तशी: एक प्रकरण अभ्यास

आधी एक खुलासा. खाली जिचं प्रकरण मांडलं आहे ती रुग्ण म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. पेम्फिगस या फोडांच्या आजारासाठी रिटुक्सिमॅब हे औषध घेतलेल्या रुग्णांमध्ये जे ज्या क्रमाने घडताना दिसतं, ते एकत्र बांधून हे प्रकरण उभं केलं आहे. तिच्या अहवालांतले आकडे त्या क्रमाला धरून, समजावण्यासाठी घेतलेले आहेत. बाकी संशोधनाचे आकडे आणि सालं खरी आहेत.

रुग्ण आणि उपचार

चाळिशीतली स्त्री. चार महिने तोंडात न भरणाऱ्या जखमा, मग छातीवर आणि पाठीवर पातळ सालीचे, हात लागताच फुटणारे फोड. निदान पेम्फिगस व्हल्गारिस. या आजारात शरीर स्वतःच्याच त्वचेतल्या डेस्मोग्लीन ३ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं. हे प्रथिन त्वचेच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. प्रतिपिंडांनी ती पकड सुटली की पेशी विलग होतात आणि फोड येतो.

स्टिरॉइड सुरू केलं आणि सोबत रिटुक्सिमॅबचे १००० मिलिग्रॅमचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने शिरेतून दिले. हे औषध बी पेशींच्या, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंडांची निर्मिती सुरू होते त्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, पृष्ठभागावरच्या सीडी २० या रेणूला चिकटतं आणि त्या पेशी मारवून घेतं. १९९७ साली ते अमेरिकेत लिम्फोमा या कर्करोगासाठी मंजूर झालं, २००६ मध्ये संधिवातासाठी आणि २०१८ मध्ये पेम्फिगससाठी.

उपचाराआधी हिपॅटायटिस बी च्या चाचण्या केल्या. यात तडजोड नको. शरीरात दबा धरून बसलेला हा विषाणू बी पेशी गेल्या की उसळी घेऊ शकतो आणि त्यातून यकृत निकामी होऊन माणसं दगावलेली आहेत. रुग्णाला संसर्ग झालेला नव्हता, पण लसही घेतलेली नव्हती. आजार वाढत होता, लसीच्या तिन्ही डोसांसाठी सहा महिने थांबणं शक्य नव्हतं. त्याच वेळी गोवर आणि धनुर्वाताच्या प्रतिपिंडांची पातळीही पाहून ठेवली, कारण प्रतिकारशक्ती दाबण्याआधी रुग्णाकडे काय शिल्लक आहे हे माहीत असावं.

पुढचे अहवाल असे आले. पंधराव्या दिवशी रक्तातल्या बी पेशी दर मायक्रोलिटरला १९० वरून शून्यावर. तिसऱ्या महिन्यात शून्यच, डेस्मोग्लीनची प्रतिपिंडे पावपट, तोंड बरं झालेलं. याच सुमाराला हिपॅटायटिस बी च्या लसीचे दोन डोस दिले गेले. सहाव्या महिन्यात बी पेशी अजूनही शून्य, डेस्मोग्लीनची प्रतिपिंडे आजाराच्या रेषेखाली, लसीची प्रतिपिंडे अजिबात नाहीत. एकूण आयजीजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार, दर लिटरला ११ ग्रॅमवरून ९.६ वर आलं होतं, आयजीएम हा दुसरा प्रकार निम्म्यावर. गोवर आणि धनुर्वात मात्र पहिल्या दिवशी होते तिथेच.

रुग्णाच्या भावाने सगळे कागद तारखांप्रमाणे लावून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "डॉक्टर, अँटिबॉडी बी पेशी बनवतात असं तुम्हीच सांगितलंत. सहा महिने बी पेशीच नाहीत. मग गोवराच्या अँटिबॉडी बनवतंय कोण?"

या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर बी पेशींच्या आयुष्याबद्दल जवळजवळ सगळंच सांगावं लागतं. म्हणून हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

जुना साठा असेल का?

पहिलं उत्तर सुचतं ते हेच, की प्रतिपिंडे आधीच बनलेली आहेत, तीच रक्तात फिरत असतील. ते हिशेबात बसत नाही.

आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडाचं अर्धायुष्य साधारण २१ दिवस असतं. रक्तातल्या इतर बहुतेक प्रथिनांपेक्षा हे जास्त आहे, कारण पेशींच्या आत एक ग्राही असतो जो आयजीजीला नाश होण्यापासून वाचवून परत रक्तात सोडतो. तरीही २१ दिवसांत निम्मं, ४२ दिवसांत पाव, ६३ दिवसांत आठवा हिस्सा. सहा महिने म्हणजे १८० दिवस, म्हणजे साडेआठहून थोडी जास्त अर्धायुष्यं. निर्मिती पहिल्याच दिवशी थांबली असती तर सहाव्या महिन्यात मूळ पातळीचा सुमारे ३८० वा हिस्सा उरला असता. चाचणीत तो दिसलाही नसता.

आणि इथे पातळी हललेलीच नाही. म्हणजे जेवढी प्रतिपिंडे रोज झिजत होती तेवढी रोज नवी तयार होत होती. कोणीतरी पूर्ण सहा महिने काम करत होतं, आणि ते रक्ताच्या चाचणीत दिसत नव्हतं, औषधालाही सापडत नव्हतं.

अस्थिमज्जेतले मुक्कामी

प्रतिपिंडे ओतणारी पेशी म्हणजे प्लाझ्मा पेशी. ती बी पेशीपासूनच बनते, पण बनता बनता खूप काही टाकून देते. विभाजन थांबतं, सीडी २० नाहीसा होतो, पेशीचा बहुतेक भाग प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्रणेने भरून जातो. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर सोडते. रिटुक्सिमॅबला धरायला तिच्यावर काही उरलेलंच नसतं. रक्तात ती जवळजवळ फिरत नाही, अस्थिमज्जेत ठाण मांडून बसते, आणि तिथेही ती शंभरात जेमतेम एखादी असते.

ती किती जगते, यावर बराच काळ मतभेद होते. प्लाझ्मा पेशी काही दिवस किंवा आठवडेच जगते आणि स्मृतिपेशी, म्हणजे आधी भेटलेल्या जंतूची ओळख जपणाऱ्या बी पेशी, तिची जागा सतत भरत राहतात, असं मानलं जात होतं. १९९७ आणि १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी हे चित्र पालटलं. स्मृतिपेशी काढून टाकल्या तरी अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी महिनोन्‌महिने, उंदराच्या आयुष्याचा मोठा भाग, प्रतिपिंडे बनवत राहिल्या.

माणसांत इतकी सरळ तपासणी करता येत नाही, पण पुरावे बरेच आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ जणांच्या रक्ताचे, काहींचे तर २६ वर्षांपर्यंतचे, जपून ठेवलेले नमुने तपासले होते. धनुर्वाताच्या प्रतिपिंडांची पातळी निम्मी व्हायला सुमारे ११ वर्षं लागत होती, घटसर्पाची १९, कांजिण्यांची ५०. गोवर आणि गालगुंडाची घट इतकी संथ होती की अंदाज २०० वर्षांच्या पुढे गेला, म्हणजे माणसाच्या आयुष्यात ती घट जाणवणारच नाही. इथे नीट लक्षात ठेवायचं ते असं, की एका प्रतिपिंडाचं अर्धायुष्य २१ दिवस आणि पातळीचं अर्धायुष्य ११ वर्षं, हे दोन्ही एकाच रक्तात एकाच वेळी खरं असतं. पहिलं रेणूचं आयुष्य आहे, दुसरं तो बनवणाऱ्या पेशींच्या समूहाचं.

मला सर्वात विलक्षण वाटतो तो आतड्यातल्या प्लाझ्मा पेशींचा अभ्यास, २०१७ मधला. गेल्या शतकाच्या मध्याला झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि १९६३ नंतर हळूहळू उतरत गेला. जी पेशी विभाजन थांबवते तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतलं कार्बनचं प्रमाण कायम राहतं. म्हणजे पेशीवर तिच्या जन्माचं साल कोरलेलंच असतं. ते मोजलं तेव्हा माणसाच्या लहान आतड्यातल्या प्लाझ्मा पेशींचा एक गट दशकांपूर्वीचा निघाला.

औषधांकडूनही हाच धडा मिळतो. २०२२ मध्ये ल्युपस या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजाराच्या पाच रुग्णांना बी पेशींवरच्या सीडी १९ या रेणूवर नेम धरणाऱ्या कार-टी पेशी (प्रयोगशाळेत बदल केलेल्या टी पेशी) दिल्या गेल्या. हा उपाय रिटुक्सिमॅबपेक्षा खोलवर जातो. बी पेशी संपल्या, सरासरी ११० दिवसांनी नव्याने उगवल्या, ल्युपसची प्रतिपिंडे गेली, आणि लसींची प्रतिपिंडे बहुतांशी टिकली. उलट मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगासाठी ज्या उपचारांचा नेम थेट प्लाझ्मा पेशींवर असतो, त्यांत जुन्या लसींची प्रतिपिंडेही उतरतात. गोवराविरुद्धचा बंदोबस्त नेमका कोणाच्या हातात आहे, हे यावरून स्पष्ट होतं.

प्लाझ्मा पेशीचं दीर्घायुष्य तिच्या एकटीचं नसतं, हेही सांगायला हवं. तिला अस्थिमज्जेतून काढून साध्या पोषक द्रवात ठेवली तर ती लवकरच मरते. मज्जेतल्या आधारपेशींचा शेजार आणि त्यांच्याकडून येणारे संकेत मिळत राहिले तरच ती टिकते. अशा जागा मोजक्या असतात. कोणत्या लसीचा परिणाम किती वर्षं टिकेल, यात त्या लसीमुळे किती पेशींना अशी जागा मिळाली याचा मोठा वाटा असतो.

मग डेस्मोग्लीनची प्रतिपिंडे का पडली?

भावाचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड. दोन्ही प्रतिपिंडेच आहेत, दोन्ही प्लाझ्मा पेशीच बनवतात. एकाची पातळी तीन महिन्यांत पावपट आणि दुसऱ्याची जशीच्या तशी, असं का?

कारण सगळ्या प्लाझ्मा पेशी दीर्घायुषी नसतात. बहुसंख्य तर काही दिवस किंवा आठवडे जगून मरतात. पेम्फिगसमध्ये स्वतःच्या त्वचेचं प्रथिन कायम समोर असतं, त्यामुळे बी पेशी सतत चेतवल्या जातात आणि अल्पायुषी प्लाझ्मा पेशींचा पुरवठा चालू राहतो. प्रतिपिंडांची पातळी उंच दिसते, पण ती या ताज्या भरतीवर उभी असते. रिटुक्सिमॅबने भरती करणाऱ्या सीडी २० वाल्या पेशी मारल्या, पुरवठा तुटला, आधीच्या अल्पायुषी पेशी आपल्या मरणाने मेल्या आणि त्यांच्या मागोमाग प्रतिपिंडे झिजली. निर्मिती पहिल्याच दिवशी थांबली असती तर तिसऱ्या महिन्यात विसावा हिस्सा उरला असता. प्रत्यक्षात पाव हिस्सा उरला, तोही यामुळेच. मधल्या काळात त्या पेशी मरेपर्यंत काम करत होत्या.

गोवराचा विषाणू मात्र शरीरात कधीचाच नाही. त्याच्या प्रतिपिंडांसाठी ताजी भरती चालूच नव्हती, म्हणून तुटण्यासारखं काही नव्हतं.

हिपॅटायटिस बी ची लस फुकट का गेली याचं उत्तर यातच आलं. नवं प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याच्याविरुद्ध बनतात तो पदार्थ, ओळखायला कोऱ्या, म्हणजे अजून कोणत्याही प्रतिजनाशी गाठ न पडलेल्या, बी पेशी लागतात, आणि त्या नव्हत्या. एकूण आयजीजी थोडं उतरलं ते काही अंशी अल्पायुषी भाग गळाल्यामुळे, काही अंशी स्टिरॉइडमुळे. आयजीएमचं अर्धायुष्य जेमतेम पाच-सहा दिवसांचं आणि त्याची निर्मितीही बरीचशी ताज्या भरतीवर चालणारी, म्हणून ते आधी आणि जास्त पडतं.

शून्य फक्त रक्तातलं

अहवालातल्या शून्याबद्दल रुग्णांचा आणि कधीकधी आपलाही गैरसमज होतो. बी पेशी ज्यांत मोडतात त्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी रक्तात कोणत्याही क्षणी असतात त्या साधारण दोन टक्के. बाकीच्या प्लीहा, लसीकाग्रंथी, टॉन्सिल, आतडं आणि अस्थिमज्जेत असतात. रक्तातल्या बी पेशी मोजून शरीरातल्या बी पेशींचा अंदाज बांधणं म्हणजे रस्त्यावरची माणसं मोजून गावाची लोकसंख्या सांगणं.

शिवाय औषध सगळीकडे सारखं चालत नाही. उंदरांत असं दिसलं आहे की सीडी २० वरच्या प्रतिपिंडाने माखलेल्या बी पेशी प्रामुख्याने यकृतातल्या भक्षक पेशी टिपून घेतात. रक्ताबरोबर फिरणारी पेशी यकृतातून जाणारच. ऊतीत दडून बसलेली पेशी त्या वाटेला जात नाही. रिटुक्सिमॅबनंतर काही कारणाने काढाव्या लागलेल्या प्लीहांमध्ये स्मृतिपेशी आणि प्लाझ्मा पेशी सापडलेल्या आहेत.

नववा महिना: नवी पिढी

नवव्या महिन्यात रक्तात दर मायक्रोलिटरला १५ बी पेशी दिसल्या. जवळजवळ सगळ्या अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पूर्ण पक्व न झालेल्या. स्मृतिपेशी जवळपास नाहीत. नवजात बाळाच्या रक्ताची आठवण व्हावी असा हा अहवाल असतो.

कारखाना बंद कधीच नव्हता. बी पेशींच्या मूळ पेशींवर आणि त्यांच्या अगदी पहिल्या टप्प्यांवर सीडी २० नसतो, त्यामुळे निर्मिती चालूच राहते. औषध रक्तात असेपर्यंत नव्या पेशी सीडी २० दाखवू लागल्या की मारल्या जातात, एवढंच. औषध ओसरलं की त्या टिकू लागतात, बहुधा सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान.

ही निर्मिती किती प्रचंड आणि किती वाया जाणारी आहे, ते उंदराच्या आकड्यांवरून कळतं. एवढासा प्राणी अस्थिमज्जेत रोज एक ते दोन कोटी कच्च्या बी पेशी बनवतो. त्यातल्या सुमारे दहा टक्केच प्लीहेपर्यंत पोचतात, आणि पक्व होऊन स्थिरावणाऱ्या त्याहून कमी. काही स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या म्हणून बाद होतात, काहींना जगण्यासाठी लागणारा बॅफ हा संकेत पुरेसा मिळत नाही. बी पेशी संपलेल्या रुग्णात याच्या उलट स्थिती असते. बॅफ वापरणारं कोणी नसल्याने त्याची पातळी चढते आणि नव्याने येणाऱ्या पेशींना जगणं सोपं जातं. त्यात नको त्या पेशीही तरून जाऊ शकतात, आणि पेम्फिगसच्या रुग्णात ही खरी चिंता आहे.

आता पक्व पेशींचं आयुष्य. २००५ च्या एका अभ्यासात निरोगी माणसांना जड हायड्रोजनने खुणावलेलं ग्लुकोज दिलं. विभाजन करणाऱ्या पेशीच्या डीएनएमध्ये ती खूण उतरते. कोऱ्या बी पेशींत दिवसाला अर्ध्या टक्क्याहून कमी पेशी नव्याने बनत होत्या. रक्तातल्या स्मृतिपेशींत मात्र तो दर अडीच टक्क्यांच्या पुढे होता. स्मृती म्हटलं की वर्षानुवर्षं स्वस्थ बसलेली पेशी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात रक्तातली स्मृतिपेशी कोऱ्या पेशीपेक्षा कितीतरी लवकर बदलते. टिकते ती तिची वंशावळ. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी २००८ मध्ये सापडल्या. नव्वद वर्षं तीच एक पेशी जगली असं समजायचं कारण नाही, पण ओळख मात्र पिढ्यांमागून पिढ्या उतरत राहिली.

म्हणूनच "बी पेशी किती दिवस जगते?" हा प्रश्न तसाच विचारला तर त्याला उत्तर नाही. लसीकाग्रंथीत प्रतिजनाशी जुळवून घेत वेगाने विभागणाऱ्या बी पेशींपैकी जवळजवळ निम्म्या दर सहा तासांनी मरत असतात, हे उंदरांत मोजलेलं आहे. कोरी पेशी आठवडे ते महिने जगते, मज्जेतली प्लाझ्मा पेशी दशकं. कोणती पेशी, कुठे, आणि पेशीचं आयुष्य की तिच्या वंशाचं, हे तिन्ही सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

अठरावा महिना आणि निर्णय

अकराव्या महिन्यात बी पेशी बऱ्यापैकी दिसू लागल्यावर हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस पहिल्यापासून सुरू केले, सतराव्या महिन्यात संपवले. अठराव्या महिन्यात प्रतिपिंडे ४६ आली. संरक्षणाची रेषा १० ची. त्याच अहवालात एकूण बी पेशी १४० होत्या, पण स्मृतिपेशी पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याइतक्याच. आणि डेस्मोग्लीनची प्रतिपिंडे वर सरकली होती. आठवडाभरात गालाच्या आतल्या बाजूला दोन जखमा दिसल्या.

अशा वेळी परतलेला आजार नव्या पेशींचा की जुन्या? पेम्फिगसच्या रुग्णांवरच्या अभ्यासात आजार उलटलेल्यांमध्ये पुष्कळदा आधीचेच बी पेशींचे वंश पुन्हा सापडले, आणि दीर्घकाळ बरे राहिलेल्यांमध्ये ते सापडले नाहीत. म्हणजे ऊतींत दडलेल्या त्या मूठभर स्मृतिपेशी पुन्हा वाढल्या, ही शक्यता मोठी. रिटुक्सिमॅबच्या दुसऱ्या फेरीचा निर्णय त्यावरच घेतला.

आजार सौम्य होता, म्हणून तोंडासाठी स्टिरॉइडचा लेप देऊन चार आठवडे थांबलो आणि तेवढ्यात न्यूमोकॉकसची लस उरकली. लस औषधाच्या किमान दोन, शक्यतो चार आठवडे आधी द्यावी, म्हणजे बी पेशींना प्रतिसाद पुरा करून प्लाझ्मा पेशी बनायला अवधी मिळतो. जिवंत विषाणूंच्या लसी या रुग्णांना अशा काळात द्यायच्या नाहीत. आयजीजी पुन्हा मोजलं. वारंवार फेऱ्या झाल्या की प्लाझ्मा पेशींच्या साठ्यात नवी भर पडत नाही, आयजीजी सरकत खाली येतं आणि गंभीर संसर्ग वाढतात. त्यामुळे प्रत्येक फेरीआधी ही तपासणी करायचीच.

दुसऱ्या फेरीनंतर सहाव्या महिन्यात बी पेशी पुन्हा शून्य होत्या. हिपॅटायटिस बी ची प्रतिपिंडे २८ आली. नुसता साठा झिजत असता तर ४६ चं काहीच उरलं नसतं, म्हणजे त्या लसीच्या काही पेशींना मज्जेत जागा मिळाली होती. पातळी १० कडे सरकते आहे का, हे पाहण्यासाठी पुढची तपासणी बाराव्या महिन्यात ठेवली आहे. वर्धक डोस द्यायची वेळ आलीच, तर तो बी पेशी परतल्यावर आणि तिसऱ्या फेरीआधी.